९९.९ टक्के कोणी मोजले?

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेवर विषय छापलाय ‘समलिंगी विवाहाचा कायदा आणि जनतेची प्रतिक्रिया : आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, तैवान’. वेळ पन्नास मिनिटं, देश तीन. म्हणजे देशाला सोळा मिनिटं आणि उरलेल्या दोन मिनिटांत आभार. हे जमायचं नाही हे मला आत्ताच दिसतंय, आणि तरी मी सुरुवात चौथ्याच देशापासून करणार आहे. आपल्या.

एप्रिल २०२३. सर्वोच्च न्यायालयात पाच न्यायमूर्तींपुढे समलिंगी विवाहाच्या याचिका सुनावणीला आल्या होत्या. सुनावणी सुरू होऊन आठवडा व्हायच्या आत बार कौन्सिल ऑफ इंडियाने, म्हणजे वकिलांच्या शिखर संस्थेने, ठराव केला. त्यात म्हटलं होतं की देशातल्या ९९.९ टक्क्यांहून अधिक लोकांचा या कल्पनेला विरोध आहे. आता विरोध असायला माझी काही हरकत नाही. विरोध करणारे या सभागृहातही असतील, त्यांनी खुशाल मागच्या रांगेतून मान हलवावी. माझी हरकत आहे ती दशांश चिन्हानंतरच्या नऊला. हा आकडा कोणत्या पाहणीतून आला, किती जणांना विचारलं, कुठल्या भाषेत विचारलं, यातलं काहीही मला त्या ठरावात सापडलं नाही. बरं, हिशेब करून बघा. एकशेचाळीस कोटींतले ०.१ टक्के म्हणजे चौदा लाख. २०११ च्या जनगणनेत पुणे शहर एकतीस लाखांचं होतं. म्हणजे देशभरातले सगळे समर्थक एकट्या पुण्यात आणून बसवले, तरी निम्म्याहून अधिक पुणं विरोधातच राहतं. (हशा) निम्मं पुणं विरोधात असणं हे कुठल्याही विषयावर खरंच असतं म्हणा.

तर माझं आजचं म्हणणं एवढंच आहे. जनता काय म्हणते हे कोणी सांगायला लागलं, की आधी त्याला थांबवून विचारायचं : कागदावर शब्द कोणते होते? कागद कोणी दिला? मोजला कोणी आणि कोणाच्या डोळ्यांसमोर? लोक विषयावर मत देत नसतात, समोर ठेवलेल्या वाक्यावर देत असतात. हे वाक्य लिहायचं काम फार जोखमीचं असतं आणि ते बहुतेक वेळा घाईत होतं.

चला आयर्लंडला.

२२ मे २०१५, शुक्रवार. समलिंगी विवाहाचा निर्णय देशभरच्या मतदानाने घेणारा हा जगातला पहिला देश. आपल्याकडच्या लेखांबरोबर हमखास एक छायाचित्र छापतात : डब्लिन कॅसलचं पटांगण, इंद्रधनुषी झेंडे, रडणारी-हसणारी तरुण मंडळी. खाली ओळ, ‘आयर्लंडच्या जनतेची प्रतिक्रिया’. या ओळीवर माझा जुना राग आहे. त्या पटांगणात मावून मावून किती माणसं मावणार? त्या प्रस्तावाला ‘हो’ म्हणणारी मतं पडली १२,०१,६०७. ‘नाही’ म्हणणारी ७,३४,३००. आणि १३,८१८ जणांनी कागद बाद करून ठेवला. ही माणसं मला नेहमी जवळची वाटत आली आहेत. टक्केवारीत ६२.०७ विरुद्ध ३७.९३. पटांगणात जमले ते जिंकलेले, तेही राजधानीतले आणि त्या दुपारी मोकळे असलेले. जनतेची प्रतिक्रिया आदल्या दिवशी सकाळी सात ते रात्री दहापर्यंत पेटीत पडून गेली होती.

ती बाहेर कशी आली, ते सांगतो. हा भाग माझ्या आवडीचा आहे, तेव्हा थोडा लांबेल.

आयर्लंडमध्ये मतमोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला सुरू होते. मोठा हॉल, लांब टेबलं, टेबलांच्या पलीकडे कमरेएवढा कठडा. कठड्याच्या आत मोजणारे कर्मचारी, बाहेर टॅलीमेन. याला मराठी शब्द नाही. आपण त्यांना खूणवाले म्हणू. हे निरनिराळ्या पक्षांचे आणि प्रचार-गटांचे कार्यकर्ते. हातात पाटीला लावलेला कागद, कानावर पेन्सिल. पेटी टेबलावर उपडी केली जाते. कर्मचारी घडी उघडून कागद सपाट करतात, कारण आधी केंद्राध्यक्षाने लिहून दिलेल्या हिशेबाशी कागदांची संख्या जुळवायची असते. ‘हो’ किती, ‘नाही’ किती हे मोजणं नंतरचं. पण कागद उलगडला की त्यावरची फुली दिसते, आणि ती कठड्यावर ओणवा झालेला खूणवाला टिपतो. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. आपल्याकडे दूधवाले भिंतीवर करायचे तसं.

यात खुबी अशी की प्रत्येक पेटीला क्रमांक असतो आणि कोणती पेटी कोणत्या शाळेतल्या, कोणत्या गल्लीच्या केंद्रावरची, हे खूणवाल्याजवळ लिहिलेलं असतं. त्यामुळे अधिकृत निकाल मतदारसंघाचा लागतो, पण खूणवाल्याला गल्लीचा कळतो. चूक कुठे होते? कर्मचारी कागद पालथे ठेवत गेला, किंवा हात फार चपळ असला, तर मधले कागद निसटतात. म्हणून सगळे टिपायचा हट्ट नसतो. पेटीतले बऱ्यापैकी कागद दिसले तरी अंदाज बसतो. आणि गंमत म्हणजे एरवी एकमेकांचं तोंड न बघणारे पक्ष त्या सकाळी आपापल्या खुणा एकत्र करतात, कारण एकट्याला सगळ्या टेबलांवर माणूस उभा करणं परवडत नाही.

२३ मेच्या सकाळी तासाभरात या पेन्सिलींनी निकाल सांगून टाकला. कामगारवस्तीतल्या पेट्या भरभरून ‘हो’ निघत होत्या. अधिकृत घोषणा संध्याकाळी झाली, पण विरोधी बाजूच्या प्रमुख प्रवक्त्यांनी सकाळी दहाच्या आसपासच जिंकणाऱ्यांचं अभिनंदन करून टाकलं होतं. ही बघा खरी ‘प्रतिक्रिया’. हरलेल्याने स्वतःच्या डोळ्यांनी कागद उलगडताना बघितला की ‘हे शहरी लोकांचं कारस्थान’ असं म्हणायची सोय राहत नाही. त्रेचाळीसपैकी बेचाळीस मतदारसंघ ‘हो’ म्हणाले. एकट्या रॉसकॉमन–साउथ लीट्रिममध्ये ‘नाही’ला बहुमत मिळालं, तेही ५१.४२ टक्क्यांचं. त्याच देशाने १९९५ साली घटस्फोटाला परवानगी दिली होती ती ५०.२८ टक्क्यांनी, अवघ्या ९,११४ मतांच्या फरकाने. वीस वर्षांत कुठून कुठे!

आता त्या कागदावर काय लिहिलं होतं ते ऐका. पुष्कळांना वाटतं की कागदावर ‘दोन पुरुषांनी किंवा दोन स्त्रियांनी लग्न करावं का?’ असा प्रश्न असेल. तसं काही नव्हतं. आयरिश घटना बदलायची तर छत्तीस भानगडी असतात. पैकी एक म्हणजे प्रश्न ठरावीक साच्यातच विचारावा लागतो : ‘खालील विधेयकातल्या घटनादुरुस्तीच्या प्रस्तावाला तुमची मान्यता आहे का?’ आणि खाली विधेयकाचं नाव. घटनेत जाणारं वाक्य मतपत्रिकेवर नसतंच. आता नाव काय होतं? चौतिसावी घटनादुरुस्ती, कंसात ‘विवाह समता’. तुम्ही म्हणाल, मग प्रश्नातच उत्तर दिलं की! बरोबर आहे. विधेयकाचं बारसं करणारा माणूस अर्धा प्रचार करून मोकळा होतो. ‘समता’ हवी का असं विचारल्यावर नको म्हणायला जरा धीर लागतो.

प्रत्यक्ष घटनेत गेलेलं वाक्य इंग्रजीत अवघ्या सतरा शब्दांचं आहे. मराठीत सांगायचं तर : दोन व्यक्तींना, त्यांच्या लिंगाचा भेद न करता, कायद्यानुसार विवाह करता येईल. संपलं. पण आयर्लंडची घटना दोन भाषांत आहे, आणि इंग्रजी व आयरिश मसुद्यांत विसंगती आढळली तर आयरिश मसुदा प्रमाण मानतात. आयरिश बोलणारे थोडे, वाचणारे त्याहून थोडे, पण शेवटचा शब्द त्या भाषेचा. २०१५ च्या सुरुवातीला जो आयरिश मसुदा आला, त्याचा शब्दशः अर्थ होत होता, ‘दोघेजण, मग ते पुरुष असोत की स्त्रिया’. कोणीतरी बारकाईने वाचलं आणि म्हणालं, अहो, याचा अर्थ दोघे पुरुष किंवा दोघी स्त्रिया असाही निघतो. मग एक स्त्री आणि एक पुरुष यांचं काय? म्हणजे समलिंगी विवाह आणायला निघाले आणि बाकी सगळ्या देशाचे विवाह घटनेबाहेर! (हशा) तज्ज्ञांचं यावर एकमत नव्हतं, पण सरकारने धोका पत्करला नाही. मार्चमध्ये वाक्य दुरुस्त करून ‘लिंगाचा विचार न करता’ अशा अर्थाचं केलं.

इथे मला आपल्या भाषेचं कौतुक करायचंय. मराठीत ही अडचण आलीच नसती. आपल्याकडे दोघे आहेत, दोघी आहेत, आणि एक पुरुष व एक स्त्री असतील तर ‘दोघं’ आहेत. नपुंसकलिंगी अनेकवचन! ‘ती दोघं आली’ म्हटलं की नवरा-बायको डोळ्यांसमोर येतात. व्याकरणाचे मास्तर ज्या नपुंसकलिंगापायी आपल्याला छड्या मारत होते, त्याचा घटनात्मक उपयोग आयर्लंडला झाला असता.

बरं, ‘लग्न’ आणि ‘विवाह’ हा दुसरा घोळ. ‘विवाह’ म्हटलं की निबंधक कार्यालय, अर्ज, तीस दिवसांची नोटीस, तीन साक्षीदार. ‘लग्न’ म्हटलं की मांडव, अंतरपाट, रुसलेला मामा आणि जेवणाच्या पंगती. उद्या एखादा पाहणी करणारा दारात येऊन ‘दोन सज्ञान व्यक्तींना विवाहाची नोंदणी करण्याचा हक्क असावा का?’ असं विचारेल, आणि दुसरा त्याच दारात ‘दोन पुरुषांचं लग्न लावलेलं तुम्हांला चालेल का?’ असं विचारेल. एकाच आजोबांकडून दोन उत्तरं मिळतील आणि दोन्ही प्रामाणिक असतील. पहिल्याला ते नागरिक म्हणून उत्तर देतील, दुसऱ्याला यजमान म्हणून.

परत आयर्लंड. २२ मेलाच, त्याच केंद्रावर, त्याच मतदारांच्या हातात आणखी एक कागद दिला होता. राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराचं किमान वय ३५ वरून २१ वर आणावं का? या प्रश्नाकडे कोणी फिरकलंच नाही. ना सभा, ना भांडणं. निकाल : ७३.०६ टक्के ‘नाही’. आता जे म्हणतात की तरुणांची लाट आली, सोशल मीडियाने डोकी फिरवली, लोक डोळे मिटून ‘हो’वर फुली मारत गेले, त्यांना हा दुसरा कागद दाखवायचा. एका हाताने ‘हो’ आणि दुसऱ्या हाताने ‘नाही’ लिहिणारा मतदार कागद वाचत होता.

मग त्यांनी पहिल्याला ‘हो’ का म्हटलं? याचं उत्तर निकालाच्या दिवशी सापडत नाही, मागे जावं लागतं. २०१३ च्या एप्रिलमध्ये घटना-परिषद बसली होती. शंभर माणसं : ६६ सामान्य नागरिक, मतदारांमधून सहज पद्धतीने निवडलेले, ३३ राजकारणी आणि एक अध्यक्ष. शनिवार-रविवार दोन्ही बाजू ऐकल्या, गटागटाने टेबलाभोवती बसून चर्चा केली आणि मग मत दिलं. ७९ टक्के बदलाच्या बाजूने. म्हणजे देशाच्या आधी देशाचा नमुना तपासून झाला होता. आपल्याकडे भात शिजला का बघायला एक शीत दाबतात. यांनी सहासष्ट दाबली.

दुसरी गोष्ट फार महत्त्वाची. ‘नाही’ बाजूची फलकबाजी लग्नाबद्दल फारशी नव्हतीच, मुलांबद्दल होती. ‘मुलाला आई आणि बाप दोन्ही हवेत’, दत्तक, सरोगसी. विरोधकांचा हा डाव चांगला होता, कारण त्यातली भीती खोटी नसते, फक्त विषय वेगळा असतो. सरकारने काय केलं, तर मुलांच्या पालकत्वाचा आणि दत्तकाचा कायदा वेगळा काढून मतदानाच्या आधीच, एप्रिल २०१५ मध्ये, मंजूर करून टाकला. सार्वमत आयोगाच्या अध्यक्षस्थानी न्यायाधीश होते. या मतदानाने सरोगसीच्या कायद्यात फरक पडत नाही, असा खुलासा आयोगाने केला. दोन भीतींची गाठ सोडवून एकच प्रश्न कागदावर ठेवला. आणि हो, सरकारला स्वतःच्या बाजूच्या प्रचारावर सरकारी पैसा उधळता येत नाही, असा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा १९९५ चा निर्णय आहे. या वाक्यावर टाळ्या वाजवायला हरकत नाही. (टाळ्या)

तिसरी गोष्ट नावनोंदणीची. तेव्हाची रीत अशी होती : यादीत नाव नसेल तर पुरवणी यादीसाठीचा फॉर्म भरायचा, तो घेऊन गार्डाच्या म्हणजे पोलिसांच्या ठाण्यात जायचं, ओळखपत्र दाखवून पोलिसासमोर सही करायची, ठाण्याचा शिक्का घ्यायचा आणि मुदतीत पोचवायचा. या खटपटीतून साठ हजारांहून अधिक नवी नावं यादीत आली. परदेशात गेलेल्यांना टपालाने मत देता येत नाही, आणि देश सोडून अठरा महिने उलटले की यादीतला हक्कही जातो. म्हणून लंडन-सिडनीहून लोक विमानाने, बोटीने मत द्यायला आले. ते तुम्ही पाहिलंच असेल, त्याचे व्हिडिओ फार फिरले.

चौथी गोष्ट ओळखीचा चेहरा. आणि इथे आपला सिंधुदुर्ग येतो. मला ठाऊक आहे, तुम्ही मघापासून याचीच वाट बघताय. (हशा) १८ जानेवारी २०१५. त्या दिवशी छत्तीस वर्षांचे झालेले आरोग्यमंत्री लिओ वराडकर सरकारी रेडिओवर मुलाखत देत होते. त्या ओघात त्यांनी आपण समलिंगी असल्याचं सांगितलं. वडील डॉ. अशोक वराडकर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. लिओ स्वतः डॉक्टर, उमेदवारीचा काही काळ आपल्या केईएममध्ये काढलेले. २०१७ साली ते पंतप्रधान झाले, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांत ‘मालवणचा सुपुत्र’ झळकला. डिसेंबर २०१९ मध्ये ते घरच्यांबरोबर वराडला आले, गावाने सत्कार केला. गावाने कुठलं सार्वमत घेतलं नाही. पाहुणा गावचा, शिवाय पंतप्रधान, एवढ्यावर भागलं. कोकणी माणूस बारीकसारीक चौकशा करतो, पण त्या पाहुणा गेल्यावर.

वराडकरांबद्दल एक गोष्ट मात्र ‘सुपुत्र’वाल्या लेखांत येत नाही. २०१० साली समलिंगी जोडप्यांच्या नागरी भागीदारीच्या विधेयकावर संसदेत बोलताना याच वराडकरांनी मुलाला आई आणि बाप मिळण्याच्या हक्काची बाजू मांडली होती. म्हणजे पाच वर्षांनंतर ‘नाही’च्या फलकांवर जे आलं, जवळपास तेच. मी हे त्यांना टोचायला सांगत नाही. मत कसं बदलतं, किती वेळ घेतं, याचा हा नमुना आहे. ज्याच्या स्वतःच्या आयुष्याचा प्रश्न, त्यालाही पाच वर्षं लागली. रॉसकॉमनच्या शेतकऱ्याला थोडा वेळ द्या.

आणि शब्दांचा महिमा पुन्हा बघा. मार्च २०२४ मध्ये हेच वराडकर पंतप्रधान असताना आणखी एक घटनादुरुस्ती मतदानाला आली : कुटुंब हे विवाहावर ‘किंवा इतर टिकाऊ नात्यांवर’ उभं असतं, असं म्हणायचं होतं. जवळपास सगळे मोठे पक्ष बाजूने. लोकांनी विचारलं, टिकाऊ म्हणजे किती वर्षं? सरकारला सांगता येईना. टिकाऊ हा शब्द आपण प्रेशर कुकरला वापरतो, आणि तिथेही हमीपत्र मागतो. ६७.६९ टक्के ‘नाही’. विवाहाला हो म्हणणारा देश नऊ वर्षांत सनातनी झाला का? मुळीच नाही. वाक्य कच्चं होतं.

(चिठ्ठी येते) अध्यक्ष म्हणतात, दहा मिनिटं राहिली. म्हणजे ऑस्ट्रेलियाला चार, तैवानला चार.

ऑस्ट्रेलियात घटना बदलायची गरज नव्हती. संसदेने साधा कायदा केला असता तरी भागत होतं. पण सत्ताधाऱ्यांत एकमत नव्हतं, आणि सार्वमताचं विधेयक सेनेटने अडवलं. मग पळवाट अशी काढली की मतदान घ्यायचंच नाही, ‘आकडेवारी गोळा करायची’. काम निवडणूक आयोगाऐवजी सांख्यिकी कार्यालयाकडे, कायदा १९०५ सालचा, जनगणनेचा. १२ सप्टेंबर २०१७ पासून घरोघरी पाकिटं निघाली. आत बारकोड छापलेला एक कागद, एकच प्रश्न : समलिंगी जोडप्यांना विवाह करता यावा म्हणून कायदा बदलावा का? एक चौकोन भरायचा, परतीच्या पाकिटात घालायचा, ७ नोव्हेंबरच्या आत पोचवायचा. पाकिटात दुसरं काही घालू नका, विशेषतः चमकी नको, असं कार्यालयाला सांगावं लागलं. निकाल १५ नोव्हेंबरला. ७९.५ टक्के लोकांनी कागद परत पाठवले, त्यात ६१.६ टक्के ‘हो’. दीडशेपैकी १३३ मतदारसंघांत ‘हो’, सतरांत ‘नाही’, आणि त्या सतरांपैकी बारा एकट्या न्यू साउथ वेल्समध्ये, बहुतेक सिडनीच्या पश्चिमेला. पॅरामॅटात, जिथे हॅरिस पार्कची भारतीय बाजारपेठ आहे, ‘नाही’ निघालं ६१.६ टक्के. देशाचा आकडा आरशात धरल्यासारखा उलटा. यावरून ‘आपल्या लोकांनी विरोध केला’ असं लगेच म्हणू नका. मतदारसंघाचा आकडा माणसाचं मत सांगत नाही; त्या भागात कितीतरी देशांतली, कितीतरी धर्मांची माणसं राहतात, आणि कागदावर आडनाव नव्हतं.

कागद कोणी परत पाठवले हेही कार्यालयाने छापलं. सत्तर ते चौऱ्याहत्तर या वयाचे ८९.६ टक्के, पंचवीस ते एकोणतीस या वयाचे ७१.९. म्हाताऱ्यांनी टपालपेटी गाठली. खर्च ठरवला होता १२ कोटी २० लाख डॉलर, झाला आठ कोटींच्या घरात. सरकारी काम अंदाजापेक्षा स्वस्तात उरकल्याचं हे उदाहरण जपून ठेवा. पण आणखी एक किंमत होती. ज्यांच्या संसाराबद्दल देशाला विचारलं जात होतं, त्यांच्या दारात दोन महिने पत्रकं पडत होती. प्रचारातल्या विखाराला आवर घालणारा तात्पुरता कायदा मंजूर झाला तो १३ सप्टेंबरला, म्हणजे पाकिटं निघाल्यावर दुसऱ्या दिवशी. विचारणं फुकट नसतं, हे माझ्या सिद्धान्ताच्या विरोधात जाणारं आहे आणि मी ते मान्य करतो. डिसेंबरात कायदा झाला. संसदेच्या कनिष्ठ सभागृहात त्याविरुद्ध मत देणारे उरले चार.

तैवानने गाडी उलट्या दिशेने चालवली. आधी न्यायालय : २४ मे २०१७ चा निर्णय क्रमांक ७४८, दोन वर्षांत कायदा करा. मग विरोधकांनी सह्या गोळा करून २४ नोव्हेंबर २०१८ ला प्रश्न मतदानाला आणले. त्या दिवशी एकूण दहा प्रश्न होते, रांगा संपेनात, काही केंद्रांवर मतदान चालू असताना दुसरीकडे मोजणी सुरू झाली. एका कागदावर विचारलं : नागरी संहितेतला विवाह एक पुरुष आणि एक स्त्री यांच्यापुरताच असावा का? बहात्तर टक्क्यांहून अधिक ‘हो’. दुसऱ्या कागदावर : नागरी संहितेतल्या विवाहाखेरीज अन्य मार्गाने समलिंगी जोडप्यांच्या एकत्र राहण्याचं रक्षण करावं का? एकसष्ट टक्के ‘हो’. तोच मतदार, तीच रांग. आता सरकारने काय करावं? न्यायालय म्हणतं विवाह द्या, जनता म्हणते संहितेत नको. त्यांनी वेगळा कायदा केला आणि त्याचं नाव ठेवलं, ‘न्यायिक युआनच्या निर्णय क्रमांक ७४८ च्या अंमलबजावणीचा कायदा’. न्यायिक युआन म्हणजे तिथली सर्वोच्च न्यायसंस्था. नावात विवाह नाही, समलिंगी नाही, काहीही नाही. आयर्लंडने नावात ‘समता’ घातली, तैवानने नावात एक आवक क्रमांक घातला. आत कलम दोनमध्ये ‘निकटचं आणि एकनिष्ठ असं कायमचं नातं’, आणि कलम चारमध्ये हळूच ‘विवाह नोंदणी’. १७ मे २०१९ ला पावसात तिष्ठणाऱ्या गर्दीसमोर मंजूर झाला, २४ मेला लागू झाला, पहिल्या दिवशी ५२६ जोडप्यांनी नोंदणी केली. सरकारी पाहणीत २०१८ साली समलिंगी विवाहाला पाठिंबा होता ३७.४ टक्के. २०२० साली ५२.५. दोन वर्षांत. शेजारच्या सदनिकेत नोंदणी केलेलं जोडपं राहायला आलं, आभाळ जागच्या जागी राहिलं, आणि लोकांनी उत्तर बदललं.

म्हणजे माझ्या सिद्धान्ताला इथे पुरवणी जोडावी लागते : वाक्य बदललं की उत्तर बदलतं, आणि वाक्य तेच ठेवून शेजार बदलला तरी बदलतं. आयर्लंडने आधी विचारलं, मग कायदा केला. तिथेही मतदानानंतर न्यायालयीन आव्हानं झाली, ऑगस्टमध्ये घटनादुरुस्तीवर सही झाली, पहिली लग्नं लागली १७ नोव्हेंबरला. तैवानने कायदा केला आणि मत मागून आलं. दोन्ही चालतं. चालत नाही ते एकच : न विचारता उत्तर सांगणं.

दोन मिनिटं. भारत. १७ ऑक्टोबर २०२३ ला सर्वोच्च न्यायालय म्हणालं की विवाह हा मूलभूत हक्क नाही, हे काम संसदेचं. समलिंगी जोडप्यांच्या अडचणी बघायला केंद्र सरकारने कॅबिनेट सचिवांची समिती नेमली. २०२४ मध्ये अर्थखात्याने स्पष्ट केलं की अशा जोडप्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि एकमेकांना नामनिर्देशित करायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेबाबतही तसंच परिपत्रक निघालं. पुनर्विचार याचिका जानेवारी २०२५ मध्ये फेटाळल्या. म्हणजे आपण तैवानच्या वाटेवर आहोत, फक्त कलम चार सोडून. आणि जनता? ज्या वर्षी बार कौन्सिलने ९९.९ सांगितले, त्याच वर्षी प्यू या संस्थेने भारतात पाहणी केली. ५३ टक्के समलिंगी विवाहाच्या बाजूने, ४३ विरोधात. मी या ५३ लाही गंगाजल मानत नाही. त्यांनी कोणत्या राज्यात कोणता शब्द वापरला, ‘लग्न’ की ‘विवाह’, ते मला बघायचंय. पण त्यांनी निदान कोणाचं तरी दार वाजवलं.

अध्यक्ष उभे राहिले. प्रश्न असतील तर चहाच्या टेबलापाशी विचारा. फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये उत्तर द्या असं म्हणू नका.